दिवसाची वांटणी

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्या कोणाच्या तोंडून प्रथम निघाली, त्याला हातीं घेतलेलीं कामें अर्धवट राहण्याचें दुःख चांगलेंच ठाऊक असलें पाहिजे. कामें पुष्कळ आणि वेळ थोडा, ही तक्रार कोणत्याहि एका काळाची मिरास नाहीं. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आयुष्याच्या अल्पत्वावर एक निबंध लिहिला आणि मनुष्याचें आयुष्य मुळांत अपुरें नसून तो तें उधळतो म्हणून अपुरें पडतें, असें प्रतिपादन केलें. तेव्हांपासून या दुखण्यावर नाना प्रकारचीं औषधें निघालीं. आज तर पुस्तकांच्या दुकानांत त्यांचा एक स्वतंत्र कप्पाच असतो, आणि याद्या ठेवणारीं, आठवण देणारीं व मिनिटें मोजणारीं साधनें खिशांतल्या मोबाईलवर फुकट मिळतात. यांपैकीं सर्वांत चांगली पद्धत कोणती, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून नेहमीं विचारला जातो. परंतु या पद्धतींचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं प्रश्नाची ही मांडणीच थोडी चुकते. प्रत्येक पद्धत हा कोणा एका मनुष्यानें आपल्या विशिष्ट अडचणीवर शोधलेला तोडगा आहे. अडचण कोणती हें न पाहतां तोडगा उचलणें म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांस लावणें होय.

वेळ ही मोजून वापरावयाची वस्तु आहे, ही कल्पना युरोपांत मठांतून रुजली. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट यानें मठवासी साधूंकरितां जी नियमावली घालून दिली, तींत प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन यांच्या वेळा नेमून दिलेल्या होत्या. घंटा झाली कीं हातांतलें काम जागच्या जागीं ठेवून प्रार्थनेस जावयाचें. कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून, हा विचार साधूला करावाच लागत नसे. पुढें चौदाव्या शतकांत इटलींतील शहरांच्या मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळें बसलीं आणि तास मोजण्याची संवय बाजारपेठेला लागली. त्यानंतरच्या शतकांत लिऑन बॅतिस्ता अल्बर्ती या विद्वानानें कुटुंबव्यवस्थेवर एक संवादात्मक ग्रंथ लिहिला. त्यांतील जानोत्सो नांवाचा वयोवृद्ध गृहस्थ आपला नेम सांगतो. सकाळीं उठल्याबरोबर आज काय काय करावयाचें तें मनांत आणावें, प्रत्येक कामास त्याची वेळ नेमून द्यावी, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसभरांत काय झालें याची उजळणी करावी, असा त्याचा आशय आहे. आज ज्याला दिवसाचें नियोजन म्हणतात, त्याचें सगळें बीज या साध्या नेमांत आहे. साधु आणि हा गृहस्थ यांत भेद एवढाच कीं साधूसाठीं घंटा दुसरा कोणी वाजवी. गृहस्थाला ती स्वतःच वाजवावी लागे आणि स्वतःच ऐकावीहि लागे. पुढील सर्व पद्धतींची खरी अडचण याच ठिकाणीं सुरू होते.

ही घंटा स्वतःवर वाजविण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँकलिन या छापखानदारानें केला. त्याचा जन्म १७०६ सालचा. घरची स्थिति बेताची आणि शाळा जेमतेम दोन वर्षांची. तरुणपणीं त्यानें आपल्या अंगीं तेरा सद्गुण बाणविण्याचा संकल्प केला आणि त्यासाठीं एक लहानशी वही तयार केली. पानावर सात दिवसांच्या सात उभ्या ओळी आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी आंखून, ज्या दिवशीं ज्या गुणाविरुद्ध वर्तन घडलें त्या घरांत तो काळा ठिपका देई. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें. म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षांत चार फेऱ्या पुऱ्या होत. यांतील तिसरा गुण सुव्यवस्थेचा होता, आणि त्याकरितां त्यानें चोवीस तासांचा एक तक्ताच मांडला. पांच वाजतां उठणें. आठ वाजेपर्यंत प्रार्थना, दिवसाच्या कामाची आंखणी, अभ्यास आणि न्याहारी. आठ ते बारा काम. बारा ते दोन जेवण, वाचन आणि हिशेब पाहणें. दोन ते सहा पुन्हां काम. सहा ते दहा आवराआवर, भोजन, संगीत, गप्पागोष्टी आणि दिवसाचा आढावा. आणि दहा ते पांच झोप. बेरीज केली तर कामाला आठ तास आणि झोपेला सात तास पडतात. ज्याला उद्योगाचा पुतळा म्हणून ओळखतात, त्याच्या तक्त्यांत कामाला एक तृतीयांश दिवसापेक्षां अधिक जागा नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

हा तक्ता आज जगभर छापला जातो. परंतु त्याच्या पुढची हकीकत क्वचितच सांगितली जाते. १७८४ सालीं पॅरिसजवळ पासी येथें आत्मचरित्राचा हा भाग लिहितांना फ्रँकलिनचें वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. तेथें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं तेरा गुणांपैकीं सुव्यवस्थेनेंच आपल्याला सर्वांत अधिक छळलें. कारणहि त्यानें दिलें आहे. ज्या कारागिराचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातीं आहे, त्याला असा तक्ता पाळतां येईल. मालकाला चारचौघांत मिसळावें लागतें आणि लोक येतील त्या वेळीं त्यांची भेट घ्यावी लागते, म्हणून त्याचा तक्ता मोडतो. याच प्रसंगीं त्यानें कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली आहे. एका मनुष्यानें लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतांना धारेसारखें तिचें सगळें पातें लखलखीत करून मागितलें. लोहार म्हणाला, चाक फिरविण्याचें काम तुम्ही करा. चाक फिरवून हा मनुष्य इतका दमला कीं शेवटीं ठिपक्यांची कुऱ्हाडच आपल्याला अधिक आवडते, असें सांगून तो चालता झाला. फ्रँकलिन आपल्या मनाचीहि अशीच गंमत करतो. मात्र पूर्णता साधली नाहीं तरी त्या खटपटीमुळें आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालों, असाहि निर्वाळा तो देतो. त्याच्या पद्धतीचें मर्म तक्त्यांत नसून काळ्या ठिपक्यांत होतें. आपण दिवस कसा घालवावयाचा ठरविलें होतें आणि तो प्रत्यक्षांत कसा गेला, यांतील अंतर रोज स्वतःच्या डोळ्यांसमोर आणणें, हें ते ठिपके करीत असत.

एकोणिसाव्या शतकांत कारखाने, आगगाड्या आणि कचेऱ्या आल्या, आणि लक्षावधि लोकांच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याच्या घड्याळावर चालूं लागला. १९११ सालीं अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक विन्स्लो टेलर यानें शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. कामाचे बारीक तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यास लागणारा वेळ स्टॉप-वॉच लावून मोजावयाचा, आणि त्यावरून काम करण्याची एकच उत्तम रीत ठरवून ती कामगाराला शिकवावयाची, असा त्याचा मार्ग होता. विचार करण्याचें काम कचेरीकडे गेलें आणि कामगाराकडे नुसते हात उरले, असा आक्षेप या मार्गावर तेव्हांपासून घेतला जात आहे. याच्या तीनच वर्षें आधीं, १९०८ सालीं, इंग्रज कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यानें रोजच्या चोवीस तासांत कसें जगावें, या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलें होतें. त्याच्या डोळ्यांसमोर होता लंडनच्या उपनगरांतून रोज आगगाडीनें कचेरींत जाणारा कारकून. कचेरीचे आठ तास हाच काय तो आपला दिवस, असें हा कारकून धरून चालतो आणि उरलेले सोळा तास हिशेबांतच घेत नाहीं, ही बेनेटची तक्रार. एक दिवसाआड संध्याकाळीं दीड तास वाचनमननास द्यावा, आरंभ अगदीं थोड्यानें करावा, आणि वेळापत्रकाचें गुलाम बनूं नये, हा त्याचा उपदेश. टेलर आणि बेनेट दोघेहि मिनिटेंच मोजीत होते; परंतु टेलरचा तास मालकाच्या पदरीं पडावयाचा होता आणि बेनेटचा कारकुनाच्या स्वतःच्या.

आतांपर्यंतच्या पद्धती वेळेची वांटणी करणाऱ्या होत्या. विसाव्या शतकांत दुसरें एक कुटुंब पुढें आलें, तें कामांची वांटणी करणाऱ्या पद्धतींचें. त्यांतील सर्वांत साधी पद्धत आयव्ही ली या अमेरिकन प्रसिद्धि-सल्लागाराच्या नांवावर आहे. रोज सायंकाळीं दुसऱ्या दिवसाचीं सर्वांत महत्त्वाचीं सहाच कामें कागदावर लिहावीं, त्यांना महत्त्वाप्रमाणें अनुक्रम द्यावा, सकाळीं पहिलें काम घ्यावें आणि तें संपल्याखेरीज दुसऱ्यास हात लावूं नये; उरलेलें उद्यांच्या यादींत जावें. बेथलेहेम स्टील कंपनीचा प्रमुख चार्ल्स श्वाब याला हा सल्ला दिल्याबद्दल लीला पंचवीस हजार डॉलर मिळाले, अशी आख्यायिका मोठ्या चवीनें सांगतात. तिचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलत असल्यामुळें ती आख्यायिका म्हणूनच घेतलेली बरी. पद्धत मात्र खरोखरच उपयोगी आहे, आणि तिचें बळ सहा या आंकड्यांत आहे. वीस कामांची यादी करणारा मनुष्य कशाचीहि निवड करीत नाहीं. तो नुसती नोंद करतो. सहांवर थांबावें लागलें कीं सातवें काम बाहेर ठेवावें लागतें, आणि तेथें विचारास आरंभ होतो.

परंतु महत्त्वाचें काम ओळखावयाचें कसें? या प्रश्नाचें प्रसिद्ध उत्तर अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहोवर यांच्या एका भाषणांत सांपडतें. १९ ऑगस्ट १९५४ रोजीं इलिनॉय संस्थानांतील एव्हान्स्टन येथें जागतिक ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेपुढें बोलतांना त्यांनीं एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा विचार, त्याचें नांव न सांगतां, उद्धृत केला. प्रश्न दोन प्रकारचे असतात, निकडीचे आणि महत्त्वाचे. आणि जे निकडीचे ते बहुधा महत्त्वाचे नसतात, असा तो विचार होता. पुढें १९८९ सालीं स्टीफन कव्ही या लेखकाच्या पुस्तकानें या भेदाचा चार घरांचा चौकोन लोकप्रिय केला. निकडीचें आणि महत्त्वाचें, महत्त्वाचें पण निकडीचें नव्हे, निकडीचें पण महत्त्वाचें नव्हे, आणि दोन्ही नव्हे, अशीं तीं चार घरें. या चौकोनानें दाखवून दिलेली खरी गोष्ट दुसऱ्या घरांत आहे. प्रकृतीची काळजी, मुलांशीं बोलणें, नवीन विद्या शिकणें, म्हाताऱ्या आईबापांची भेट, हीं कामें कधीं दार ठोठावीत नाहींत. दार ठोठावणारा नेहमीं दुसराच कोणी असतो, आणि मनुष्य हांकेला ओ देतो.

आपण महत्त्वाचींच कामें करीत आहों, अशी मात्र बहुतेकांची समजूत असते. व्यवस्थापनशास्त्राचे लेखक पीटर ड्रकर यांनीं १९६७ सालच्या आपल्या पुस्तकांत या समजुतीवर एक चांगला दाखला दिला आहे. एका कंपनीच्या अध्यक्षाची खात्री होती कीं आपला वेळ वरिष्ठ सहकारी, मोठीं गिऱ्हाइकें आणि गांवचीं लोकोपयोगी कामें, असा तीन भागांत जातो. सहा आठवडे त्याच्या वेळेची प्रत्यक्ष नोंद ठेवली, तेव्हां या तिन्ही गोष्टींना त्यानें जवळजवळ कांहींच वेळ दिलेला नव्हता असें आढळलें. ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या कोठपर्यंत आल्या आहेत, याची चौकशी कारखान्यांत फोनवरून करण्यांतच त्याचा बराच वेळ जात होता. म्हणून आधीं योजना आणि मग काम, असा क्रम न लावतां आधीं वेळेची नोंद आणि मग योजना, असा क्रम ड्रकर यांनीं सांगितला. ही नोंदवही म्हणजे फ्रँकलिनच्या काळ्या ठिपक्यांचीच विसाव्या शतकांतली आवृत्ति होय.

काम निवडलें, तरी तें सुरू होत नाहीं, ही आणखी एक अडचण. विद्यार्थिदशेंत ती सर्वांनाच भोगावी लागते. फ्रान्चेस्को चिरिल्लो हा इटालियन विद्यार्थी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच विवंचनेंत होता. दहा मिनिटें तरी आपल्याला खरोखर अभ्यास करतां येईल काय, अशी त्यानें स्वतःशींच पैज लावली, आणि वेळ मोजण्यास स्वयंपाकघरांतलें टोमॅटोच्या आकाराचें घड्याळ घेतलें. टोमॅटोला इटालियन भाषेंत पोमोदोरो म्हणतात. तेंच नांव पद्धतीस पडलें. पंचवीस मिनिटें एकच काम, मग पांच मिनिटें विसांवा, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांति, हा तिचा ठरलेला शिरस्ता. डोंगराएवढ्या कामाची भीति वाटते, पंचवीस मिनिटांची वाटत नाहीं, एवढ्यावर ती उभी आहे. मात्र तिच्यांत कोणतें काम घ्यावें याचा निर्णय नाहीं. निरर्थक कामहि पंचवीस पंचवीस मिनिटांनीं उत्तम रीतीनें करतां येतें.

कित्येकांची अडचण याहून वेगळी असते. कामाच्या वेळीं ते काम करतात, परंतु राहिलेल्या कामांची टोचणी त्यांना जेवतांना आणि निजतांना सोडीत नाहीं. १९२७ सालीं बर्लिनमध्यें ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्ध्यावर थांबविलेलीं कामें पुरीं झालेल्या कामांपेक्षां लोकांच्या अधिक ध्यानांत राहतात, असें तिला आढळलें. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हाच निष्कर्ष निघाला असें नाहीं. परंतु २०११ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दुसरी एक उपयुक्त गोष्ट दिसली. राहिलेलें काम केव्हां आणि कसें करावयाचें याची निश्चित योजना केली, तर काम तसेंच असूनहि मनांतली टोचणी कमी होते. अमेरिकन सल्लागार डेव्हिड ॲलन यांनीं २००१ सालच्या आपल्या पुस्तकांत मांडलेली पद्धत याच तत्त्वावर चालते. मनांत घोळणारी प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवावी. तिच्यासंबंधीं पुढची प्रत्यक्ष कृति कोणती तें लिहावें. दोन मिनिटांत होणारें काम लिहीत न बसतां तेव्हांच करून टाकावें. आणि आठवड्यांतून एकदां सगळ्या याद्या तपासाव्या. पुढील तारखांच्या कागदांसाठीं महिन्याच्या एकतीस दिवसांच्या आणि वर्षाच्या बारा महिन्यांच्या मिळून त्रेचाळीस फायली ठेवाव्या, अशीहि त्यांत एक सोय आहे. ज्याच्या मागें चाळीस प्रकारचीं व्यवधानें आहेत त्याला या पद्धतीनें शांत झोप मिळते. ज्याच्या पुढें एकच मोठें आणि कठीण काम आहे, त्याला मात्र ती काम टाळण्याचें एक प्रतिष्ठित निमित्त देऊं शकते. फायली लावण्यांत सकाळ सुखानें निघून जाते.

शेवटची पद्धत जपानांतील कारखान्यांतून आली. टोयोटा मोटार कंपनींत दुसऱ्या महायुद्धानंतर ताईची ओनो यांनीं कामाच्या मागणीसाठीं चिठ्ठ्यांची पद्धत बसविली. तिला कानबान, म्हणजे पाटी किंवा फलक, असें नांव आहे. पुढच्या कामगाराची चिठ्ठी आल्याखेरीज मागच्यानें नवा भाग तयार करावयाचा नाहीं. त्यामुळें अर्धवट मालाचा सांठा होत नाहीं. २०११ सालीं जिम बेन्सन आणि टोनियान डिमारिया बॅरी यांनीं हीच कल्पना व्यक्तीच्या कामाला लावणारें पुस्तक लिहिलें. त्यांत नियम दोनच आहेत. कामें डोळ्यांना दिसतील अशीं मांडावीं, आणि एका वेळीं हातांत घ्यावयाच्या कामांची संख्या मर्यादित ठेवावी. भाराभर चिंध्यांच्या म्हणीवर याहून नेमका उपाय दुसरा नाहीं.

या सर्व पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांचें भांडण मिटतें, कारण त्या एकाच रोगावरच्या नाहींत. दिवस कोठें जातो हें ज्याला कळत नाहीं, त्याला फ्रँकलिनचे ठिपके किंवा ड्रकर यांची नोंद. यादी लांबते आणि सकाळीं कोठून आरंभ करावा सुचत नाहीं, त्याला लीचीं सहा कामें. दुसऱ्यांच्या निकडीपायीं स्वतःचीं महत्त्वाचीं कामें राहतात, त्याला आयझेनहोवर यांच्या भाषणांतला भेद. आरंभच होत नाहीं, त्याला टोमॅटोचें घड्याळ. डोक्यांत गर्दी, त्याला ॲलन यांच्या याद्या. आरंभ पुष्कळ आणि शेवट थोडे, त्याला कानबान. आधीं निदान आणि मग औषध, हा वैद्याचा क्रम येथेंहि सुटत नाहीं.

आणखी एक गोष्ट या तुलनेंत दिसून येते. यांतील बहुतेक पद्धती ज्यांना आपल्या खोलीचें दार लावून घेतां येतें अशा पुरुषांनीं शोधल्या. फ्रँकलिनची पत्नी डेबोरा त्याचें दुकान सांभाळण्यास मदत करी. त्याच्या घरीं गुलामहि होते, जरी आयुष्याच्या अखेरीस तो गुलामगिरीच्या विरुद्ध उभा राहिला. त्याच्या तक्त्यांत जेवणाची वेळ आहे, जेवण रांधण्याची नाहीं. गृहिणीच्या दिवसाकडे या दृष्टीनें पाहणाऱ्यांत लिलियन गिलब्रेथ हें नांव मोठें आहे. हालचालींच्या अभ्यासांत ती आणि तिचा पति फ्रँक हीं दोघें बरोबरीनें काम करीत. १९२४ सालीं पति वारला, तेव्हां अकरा मुलांचा संसार तिच्यावर पडला. त्यानंतर तिनें स्वयंपाकघराकडे लक्ष वळविलें, आणि शेगडी, ओटा व फडताळें यांच्यामध्यें बाईच्या होणाऱ्या फेऱ्या कमी करणाऱ्या मांडणीचा अभ्यास केला. विशेष हें कीं वांचलेला वेळ आणखी घरकामांत न घालवितां तो सुखासमाधानासाठीं मोकळा राहावा, अशी तिची दृष्टि होती.

प्रत्यक्षांत तसें घडलें काय? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचें उत्तर शोधलें आहे. धुलाईचें यंत्र, गॅसची शेगडी, झाडलोटीचें यंत्र यांनीं घरकामांतले कष्ट खात्रीनें हलके केले. परंतु गृहिणीचे तास त्या मानानें कमी झाले नाहींत. कपडे धुणें सोपें झालें तेव्हां कपडे अधिक वेळां धुतले जाऊं लागले. स्वच्छतेचें माप वाढलें. आणि पूर्वीं नोकर, पुरुष किंवा मुलें जीं कामें करीत, तीं एकट्या बाईकडे आलीं. कचेरींतहि हेंच घडतें, हें सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकारानें १९ नोव्हेंबर १९५५ रोजीं ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकांत विनोदानें दाखविलें. जितका वेळ हाताशीं असेल तितकें काम फुगतें, हा त्याचा सिद्धांत. दाखल्यादाखल त्यानें ब्रिटिश आरमाराचे आंकडे दिले. १९१४ ते १९२८ या काळांत मोठीं लढाऊ जहाजें ६२ वरून २० वर आलीं; त्याच काळांत आरमार-कचेरींतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले.

येथें सर्व पद्धतींची सीमा येऊन ठेपते. पद्धत तास वांचवूं शकते. वांचलेल्या तासाचें काय करावयाचें, तें ती सांगूं शकत नाहीं. तें आधीं ठरलेलें नसेल तर तो तास आपोआप भरून जातो. कधीं दुसऱ्याच्या कामानें, कधीं वाढलेल्या मापानें, आणि आजकाल पुष्कळदां ज्या मोबाईलनें तो वांचविला त्याच मोबाईलनें. फ्रँकलिन आपल्या तक्त्यांत नापास झाला, हें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. परंतु १७४८ सालीं, बेचाळीस वर्षांचा असतांना, त्यानें छापखान्याचा कारभार भागीदाराच्या हातीं सोंपविला आणि धंद्यांतून अंग काढून घेतलें. अधिक पैसा मिळविण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्यानें मोकळा वेळ पत्करला. त्या मोकळ्या वेळांत त्याचे विजेवरचे प्रयोग बहरले, आणि १७५१ सालीं ते लंडनमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. वेळ कशासाठीं राखावयाचा हें त्याला माहीत होतें, म्हणून तक्ता मोडला तरी आयुष्य मोडलें नाहीं.

तेव्हां घरांत नवी वही किंवा मोबाईलवर नवें साधन आणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. आपली अडचण यांपैकीं नेमकी कोणती, हा पहिला. त्याचें उत्तर मिळालें कीं पद्धत सांपडणें अवघड नाहीं. वांचणारा तास कोणाला द्यावयाचा, हा दुसरा. आणि त्याचें उत्तर यादी करण्याच्या आधीं, घरांतल्या माणसांनीं एकत्र बसून ठरवावयाचें असतें. ज्या घरांत तें ठरतें, तेथें साधा कागद आणि पेन्सिलहि पुरते.